ओटा तोडण्याआधीचा हिशेब

स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: स्क्वेअर फुटाला भाव काय? दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो, आणि तो आकडा घेऊन माणूस तीन-चार ठिकाणी फिरतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. शटरचा रंग कोणता, चकचकीत की मॅट, हँडल कसलं, यावर घरात महिनाभर खल चालतो. पण खर्चाचं बरंचसं त्याआधीच ठरून गेलेलं असतं. पाणी, सांडपाणी, गॅस, वीज यांतलं काय जागचं हलणार, ओट्याखाली पेट्या (तयार कपाटं) किती आणि ड्रॉवर किती, आणि जिथे रोज पाणी सांडतं तिथे कुठला माल वापरला, या तीन गोष्टी पैशांचा आकडा ठरवतात. रंग सगळ्यात शेवटी येतो. घरात मात्र चर्चा रंगापासून सुरू होते, म्हणून बजेट कोलमडतं.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत हजारो स्वयंपाकघरं एकाच साच्याची आहेत. १० बाय ८ ची खोली, एल आकाराचा ओटा, वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा, खाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे, खिडकीखाली सिंक, पंधरा ॲम्पियरचा एखादाच पॉइंट, बाजूला ड्राय बाल्कनी. बोलायला हेच उदाहरण सोयीचं.

पहिला निर्णय हा, की ओटा ठेवायचा की तोडायचा. तोडायचाच, असं गृहीत धरून अनेक जण निघतात. कडप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही. जुना ओटा पक्का असेल, सिंक-शेगडीची जागा सोयीची असेल, तर त्याच कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवून पुढे शटर लावणं हा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं रुळलेला मार्ग आहे आणि तो कमीपणाचा अजिबात नाही. त्याच्या अडचणी मात्र आधी माहीत हव्यात. गवंड्याने उभे केलेले कप्पे काटकोनात नसतात. वरची रुंदी आणि खालची रुंदी यांत पाच-दहा मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो. ट्रॉली ज्यांवर सरकते ते दोन्ही चॅनेल एकमेकांना समांतर लागतात, म्हणून आत लाकडी पट्ट्यांचं पॅकिंग द्यावं लागतं आणि तेवढी ट्रॉली अरुंद होते. दगडाच्या कडेजवळ ड्रिल मारलं की कपची उडते, म्हणून स्क्रूची जागा कडेपासून आत घ्यावी लागते. प्रत्येक कप्प्याचं माप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात लहान माप धरायचं. जो कारागीर एकदाच टेप लावून निघून जातो, त्याच्या ट्रॉल्या पुढे अडकतात.

ट्रॉल्यांचं स्टील २०२ की ३०४, हा प्रश्न विचारायलाच हवा. चुंबक लावून हे कळतं असा समज आहे, तो चुकीचा. दोन्ही प्रकारांना चुंबक धड चिकटत नाही. फरक निकेलचा आहे. ३०४ मध्ये ते साधारण ८ टक्के असतं, २०२ मध्ये त्याहून कमी, आणि त्याची भरपाई मँगेनीजने केलेली असते. म्हणून २०२ च्या ट्रॉलीला सिंकच्या शेजारी, मिठाच्या बरणीखाली, आणि सगळ्यात आधी वेल्डिंगच्या टाक्यांवर तांबूस ठिपके येतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. स्टीलवर थेंब टाकून रंग बघायची छोटी चाचणीची बाटली बाजारात मिळते. चांगला विक्रेता ती समोर करून दाखवतो. सगळीकडे ३०४ परवडत नसेल तर निदान ताट-वाटी आणि कप-बशीच्या ट्रॉल्या तरी ३०४ च्या घ्याव्यात, कारण भांडी ओली ठेवली जातात ती तिथेच.

ओटा तोडायचाच ठरला, तर त्याच्या जागी प्लायच्या पेट्या येतात आणि दगड त्यांच्यावर बसतो. मग पेट्यांचा हिशेब. इथे मापाची पद्धत समजून घेतल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. आपल्या एल आकाराच्या ओट्याच्या भिंती १० फूट आणि ८ फूट, म्हणजे एकूण १८ फूट. पण ओटा २ फूट खोल असल्यामुळे कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे २-२ फूट लपतात; समोरून दिसणारी लांबी ८ आणि ६ मिळून १४ फूटच भरते. उंची पावणेतीन फूट धरली तर भिंतीच्या मापाने साडेएकोणपन्नास चौरस फूट होतात आणि समोरच्या मापाने साडेअडतीस. फरक ११ चौरस फुटांचा. हिशेबापुरता १,५०० रुपये भाव धरला तर साडेसोळा हजार. कोपऱ्यातही पेटी असते, तिलाही माल लागतो, त्यामुळे तो मोजणं म्हणजे सरसकट लबाडी नव्हे. पण एकाने १,५०० रुपये भिंतीच्या मापाने सांगितले आणि दुसऱ्याने १,८०० समोरच्या मापाने, तर दुसरा स्वस्त पडतो, आणि बहुतेक गिऱ्हाईक पहिल्याकडे जातं.

चौरस फुटाच्या भावात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. ६०० मिलिमीटर रुंदीची एक पेटी घ्या. उंची ७३० मिलिमीटर, खोली ५६०. दोन बाजू, एक तळ आणि वरच्या दोन पट्ट्या मिळून तिला साधारण साडेतेरा चौरस फूट प्लाय लागतो. आता त्याच जागेत ३०० मिलिमीटरच्या दोन पेट्या करा. एकेकीला जवळजवळ ११, म्हणजे दोन्हींना मिळून २२ चौरस फूट. समोरून दिसणारं क्षेत्र तेवढंच, शटरचा माल तेवढाच, पण आतला प्लाय दीडपटीहून जास्त. कारण उघड आहे, पेटी अरुंद केली तरी तिच्या बाजू अरुंद होत नाहीत. बाटल्यांची पुलआउट (ओढून बाहेर काढायची उभी जाळी), मसाल्यांची पुलआउट, ट्रेचा कप्पा, असे अरुंद भाग एकामागून एक लावत गेलं की खर्च कुठे गेला ते गिऱ्हाइकाला कळत नाही. ज्याने चौरस फुटाचा भाव आधीच बांधून दिला आहे, त्याला हे नुकसान कुठेतरी भरून काढावं लागतं. मग मागचा पॅनल पातळ होतो, आतलं लॅमिनेट (प्लायवर चिकटवायचा पातळ पत्रा) हलकं होतं, नाहीतर प्लायचा दर्जा घसरतो. म्हणून रुंद पेट्या कमी संख्येने घेणं हा पैसे वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय, आणि त्यात सोयीचं काहीच गमावत नाही. उलट ९०० मिलिमीटरच्या ड्रॉवरमध्ये मोठं पातेलं, कुकर आणि कढई शेजारी शेजारी मावतात.

ड्रॉवरचं गणित वेगळं. दोन शटरच्या पेटीला चार बिजागऱ्या लागतात. तीच पेटी तीन ड्रॉवरची केली की चॅनेलचे तीन जोड, तीन तळ, तीन पाठी आणि तीन दर्शनी पट्ट्या आल्या. सॉफ्ट क्लोज (आपटल्याशिवाय हळूच बंद होणारे) आणि धातूच्या बाजूंचे तयार ड्रॉवर घेतले तर त्या एका पेटीतलं हार्डवेअर लाकडाच्या खर्चाशी बरोबरी करू शकतं. हेटिच, हेफेले, ब्लम, एब्को ही हार्डवेअरच्या कंपन्यांची नावं सगळे घेतात. पण नुसतं नाव पुरत नाही. कुठली मालिका, किती किलोची, चॅनेल ४५० मिलिमीटरचा की ५०० चा, पूर्ण बाहेर येणारा की नाही, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं लागतं. चमचे-डाव यांच्या उथळ ड्रॉवरला ३० किलोची क्षमता पुरून उरते. पण दहा किलो तांदूळ, पाच किलो गहू, डाळींचे डबे आणि शेंगदाणे ज्या खालच्या ड्रॉवरमध्ये जाणार, तो ५० किलोच्या पुढचाच हवा. आपल्याकडे साठवण असते, उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-मसाले भरले जातात. दुकानात रिकामा ड्रॉवर बोटाने ढकलून बघितल्याने यातलं काही कळत नाही. माझं मत असं, की ड्रॉवर कमरेखाली आणि शेगडीच्या दोन्ही हातांना घ्यावेत, बाकी साधी शटरं. कोपऱ्यासाठी फिरत्या जाळीची महागडी यंत्रणा घेण्यापेक्षा तिथे एक साधी फळी टाकून सणावाराची पातेली ठेवलेली बरी. त्या यंत्रणेच्या पैशांत दोन-तीन चांगले ड्रॉवर सहज होतात आणि ते रोज वापरले जातात.

आता पाण्याचा प्रश्न. लाकडी स्वयंपाकघराचा शेवट बहुतेक वेळा सिंकखालच्या पेटीत सुरू होतो. प्लायवर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असेल तर तो मरीन दर्जाचा, त्याच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून जोड सुटतात का ते पाहतात. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, हा त्याखालचा. त्याची उकळण्याची कसोटी आठ-आठ तासांच्या फेऱ्यांची असते. नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' या शब्दाला काहीच अर्थ नाही, शिक्का आणि त्यावरचा आयएस क्रमांक बघायचा. सगळीकडे ७१० लागत नाही. सिंकची पेटी, डिशवॉशरच्या शेजारची बाजू, आणि वॉटर प्युरिफायर ज्या भिंतीवर आहे त्याखालची पेटी, एवढ्यांना द्यावा. बाकी खालच्या पेट्यांना बीडब्ल्यूआर पुरतो. वरच्या कपाटांना आणि माळ्याच्या शटरला तर एमडीएफ किंवा एचडीएचएमआर या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्याही चालतात. पैसे वाचवायचे ते इथे वाचवावेत, खाली नाही.

पण चांगला प्लाय आणूनही तो वाया जातो, तो एका भोकामुळे. कारखान्यातून आलेल्या पेटीच्या सगळ्या कडांना पट्टी चिकटवलेली असते. जागेवर आल्यावर सांडपाण्याच्या आणि नळाच्या पाइपासाठी मागे किंवा तळाला जिगसॉने भोक पाडतात, आणि त्या भोकाची कड उघडी राहते. प्लायचे थर तिथे नागडे असतात. नळाच्या जोडातून ठिबकलेलं पाणी बरोबर तिथे मुरतं, तळ फुगतो, लॅमिनेट उकलतं आणि वास यायला लागतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: भोक पाडल्यावर कडेला फेविकॉलचा वॉटरप्रूफ प्रकार किंवा इपॉक्सी चोपडायचं, सुकू द्यायचं, मग पाइप घालून भोवती सिलिकॉन भरायचं. कुठल्याही कोटेशनमध्ये ही ओळ नसते. ती लिहायला लावावी. तसंच पेट्या जमिनीवर थेट बसवू नयेत. खाली १०० मिलिमीटरचे पीव्हीसी पाय आणि पुढे काढता येणारं स्कर्टिंग हवं. काही सुतार प्लायचाच चौथरा करून त्यावर पेटी ठेवतात, मग रोजच्या पोछ्याचं पाणी तो चौथरा खालून शोषत राहतो.

हलवाहलवीत सगळ्यात महाग पडतं ते सिंक. सांडपाण्याच्या पाइपाला साधारण ४० फुटांना १ फूट, म्हणजे १० फुटांना ३ इंच उतार लागतो. सिंक सांडपाण्याच्या जुन्या तोंडापासून ८ फूट लांब नेलं तर दुसऱ्या टोकाला जवळजवळ अडीच इंचांचा फरक पडतो, शिवाय पाइपाची स्वतःची जाडी. बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो, तसा स्वयंपाकघराचा बहुधा नसतो. फरशीखालच्या दोन-अडीच इंच मालात हा पाइप मावत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, फरशी उचलून घ्यायची, म्हणजे तोडफोड, नवी फरशी, वॉटरप्रूफिंग आणि दारात पायरी. दुसरी, पाइप पेट्यांच्या मागून भिंतीच्या कडेने न्यायचा, म्हणजे त्या सगळ्या पेट्या तीन इंच उथळ आणि ५०० चे चॅनेल ४५० वर येणार. उतार कमी ठेवला तर फोडणीचं तूप-तेल पाइपात थिजतं आणि दर काही महिन्यांनी प्लंबर बोलवावा लागतो. सिंक दोन-तीन फूट सरकवायला हरकत नाही. समोरच्या भिंतीवर न्यायचं असेल तर त्या एका हौशीची किंमत वेगळ्या कागदावर काढून घ्यावी आणि मग विचार करावा.

गॅसची पाइपलाइन असेल तर ती कंपनीच्या अधिकृत माणसानेच हलवायची, नेहमीच्या प्लंबरने नव्हे. अर्ज, पाहणी, तारीख यांत दिवस जातात, म्हणून हा अर्ज काम सुरू होण्याआधी टाकायचा. पेटीत सिलिंडर ठेवणार असाल तर हवेची जाळी खाली, जमिनीलगत हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. पाइपचा गॅस हलका, त्याला जाळी वर हवी. शटर सुंदर दिसावं म्हणून ही जाळी गाळली जाते. ती गाळू देऊ नये.

विजेचंही आधीच ठरवावं. इंडक्शन २,००० वॉट, मायक्रोवेव्ह १,२००, छोटा गीझर ३,००० वॉट. तिन्ही एकदम चालले तर २७ ॲम्पियर होतात आणि जुनी एकच १६ ॲम्पियरची लाइन हे पेलत नाही. मोठ्या उपकरणांना बोर्डापासून वेगळ्या लाइनी, प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण). वायरींसाठी भिंतीत झिऱ्या मारायच्या त्या टाइल लावण्यापूर्वी. मिक्सर, फ्रीज, प्युरिफायर, चिमणी, घरघंटी असेल तर तीही, असं सगळं भिंतीवर खडूने काढून पॉइंट मोजावेत. टाइल बसल्यावर आठवलेला एक पॉइंट आधीच्या पाच पॉइंटांइतका त्रास देतो. चिमणीच्या डक्टला ६ इंचांचं भोक लागतं. ते तुळईतून कधीच पाडायचं नाही, आणि ४ इंचांवर भागवायचंही नाही, कारण वाट निम्म्याहून कमी उरते आणि आवाज तेवढा वाढतो. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची परवानगी आधी.

ग्रॅनाइटबद्दल थोडक्यात. आपल्या ओट्याला ३२ चौरस फूट दगड लागतो, पण तो अख्ख्या लादीने विकत घ्यावा लागतो. सिंकचा आणि शेगडीचा कापलेला तुकडाही तुमच्याच बिलात असतो. कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, सिंकचं कटिंग नगावर, आणि जिने चढवायची हमाली वेगळी. १८ मिलिमीटरच्या त्या दगडाचं वजन जवळजवळ १४५ किलो भरतं, म्हणून पेट्यांच्या वरच्या पट्ट्या पूर्ण जाडीच्या हव्यात आणि जोड सिंकच्या कटवर येता कामा नये. ओट्याची उंचीही याच वेळी ठरते. उभं राहून हात कोपरात वाकवायचा आणि कोपरापासून चार इंच खाली मोजायचं. पोळ्या लाटताना खांदे वर उचलले जात असतील तर ओटा उंच झाला. कारखान्याचं ठरीव माप ८५० मिलिमीटरचं असतं. पाच फुटांच्या आतल्या बाईला ते जास्तच होतं. पाय दोन इंच कमी करायला आधी एक रुपयाही लागत नाही, नंतर सगळा दगड उचलावा लागतो.

जुन्या इमारतीत भिंत उघडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) गंजलेले पाइप, टाइलमागची ओल, स्लॅबचं सुटलेलं प्लॅस्टर. यासाठी एकूण आकड्याच्या १५ ते २० टक्के बाजूला ठेवावेत आणि ते चिमणीचं वरचं मॉडेल घेण्यात घालवू नयेत. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत जे 'वेगळं' लिहिलेलं असतं तेही जमेस धरावं: तोडफोड, डेब्रिजच्या गोण्या खाली नेऊन उचलायचा खर्च, सोसायटीचं डिपॉझिट, सिंक-नळ, टाइल, प्लंबिंग, वाहतूक आणि १८ टक्के जीएसटी. तीन-चार आठवडे घरात चूल पेटणार नाही, त्या डब्यांचे पैसे कुणीच धरत नाही. चार माणसांच्या घरात ते चांगले जाणवतात.

कारखान्याचं शेवटचं माप टाइल बसल्यावरच द्यायचं. टाइल आणि तिच्या मागचा माल मिळून भिंत इंचभर पुढे येते. आधीच्या मापाच्या पेट्या मग बसत नाहीत आणि जागेवर रंधा सुरू होतो, पुन्हा उघड्या कडा. घाई असली तरी हा एक आठवडा द्यावा. सगळ्या विक्रेत्यांना एकच चित्र द्यावं, त्यात प्रत्येक पेटीची रुंदी, ड्रॉवर किती, चॅनेल कुठला, प्लाय कुठला, बाहेरचं लॅमिनेट १ मिलिमीटर आणि आतलं किती, हे लिहिलेलं असावं, आणि पेटीवार किंमत मागावी. जो पेटीवार किंमत द्यायला तयार नाही, त्याचं काम स्वस्त असलं तरी मी घेणार नाही, कारण मधेच एक पेटी बदलली तर तो काय लावेल याला धरबंध नसतो.

निम्मे पैसे आगाऊ देण्याची पद्धत आहे, ती मोडणं कठीण. पण शेवटचे १० टक्के बसवून झाल्यावरच. त्या दिवशी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायचं आणि खालच्या जोडांभोवती कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून अर्धा तास थांबायचं. जड ड्रॉवर खरोखरच्या धान्याने भरून पूर्ण बाहेर ओढायचे, समोरची पट्टी खाली झुकते का ते बघायचं. चिमणी चालू करून डक्टच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरायचा. वर्तमानपत्र कोरडं निघालं, ड्रॉवर सरळ राहिला आणि हाताला जोरात हवा लागली, की चेक द्यायचा.